बारा नावांचा केक

वाचकहो, तेलगाव येथे दिवाळी पाडव्याच्या शुभदिनी एका केकवरील मजकुरावरून जो प्रसंग उद्भवला, तो जसा घडला तसा, काहीही न लपविता व आवश्यक तेवढीच भर घालून, पुढे सविस्तर निवेदन करण्यात येत आहे. वाचकांनी तो शांत चित्ताने वाचावा. शक्यतो जेवण करून वाचावा.

बिभीषणराव हे तेलगावातील एक सुस्थितीतील ऊस बागायतदार. त्यांची एकुलती कन्या मोहिनी हिचा विवाह गेल्या वैशाखात धर्मापुरीच्या रविराज यांच्याशी थाटामाटात संपन्न झाला. सदर विवाहात सर्व काही उत्तम होते. परंतु लग्नपत्रिकेत एक उणीव राहून गेली. बिभीषणरावांनी पत्रिकेत चौसष्ट नावे छापली, त्यात वाजंत्रीवाल्याचेसुद्धा नाव होते, मात्र नवरदेवाचे मामा आप्पा यांचे नाव तेवढे राहिले. रविराज यांचे पितृछत्र लहानपणीच हरपलेले असून याच मामांनी दुधाचा धंदा करून भाच्याला वाढविलेले. आणि हे मामा लग्नाच्या पंगतीतून, पानात भात पडलेला असताना, एक अक्षर न बोलता उठले व मोटारसायकलला किक मारून निघून गेले.

तेव्हापासून बिभीषणरावांच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. त्यांच्या विहीण केशरबाई फोनवर प्रत्येक वेळी शेवटी एकच वाक्य बोलत. "बाकी सगळं ब्येस हाय, पर आमचा आप्पा तुमच्या दारी जेवला न्हाई, एवढंच." हे वाक्य मोहिनीला सासरी रोज किती वेळा ऐकावे लागत असेल, या विचाराने बापाचा जीव अर्धा होत असे.

अशा परिस्थितीत पहिला दिवाळसण आला. जावई, विहीण व मामा या तिघांनाही पाडव्याचे रीतसर आमंत्रण गेले आणि मामा येतो म्हणाले. मामा जेवूनच गेले पाहिजेत, या एका हेतूने बिभीषणरावांनी कंबर कसली. अनारसे-करंज्या तर सगळेच करतात. आपण काहीतरी आधुनिक करावे व त्यावर मामांचे नाव ठळक अक्षरांत घालावे, म्हणजे पत्रिकेतील चुकीचे परिमार्जन होईल, असा विचार करून ते चार दिवस अगोदर माजलगावला सोमेश्वर यांच्या केकच्या दुकानात गेले.

"एक किलोचा द्या. बिनअंड्याचा. आमच्या विहीणबाई माळकरी हायत," बिभीषणराव म्हणाले.

"मजकूर?" सोमेश्वर यांनी वही उघडली.

"चिरंजीव रविराज व आदरणीय आप्पा मामा यांना दिवाळी पाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा."

सोमेश्वर यांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतले. येथपर्यंत सर्व ठीक होते. परंतु सोमेश्वर यांचे पूर्वी फ्लेक्स छापण्याचे दुकान होते व ती सवय त्यांच्या हातातून गेलेली नव्हती. त्यांनी पेन वर न उचलता विचारले, "खाली शुभेच्छुक कोन?"

बिभीषणरावांनी या प्रश्नाचा विचारच केलेला नव्हता. शुभेच्छा आहेत म्हणजे त्या देणारा कोणीतरी पाहिजे, हे त्यांना तत्क्षणी पटले. "घरी इचारून सांगतो," असे ते म्हणाले आणि येथेच सर्व घात झाला.

घरी ओसरीवर त्यांनी विषय काढला तेव्हा पत्नी मनकर्णाबाई सूप घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जावयाचं नाव हाय, मामाचं हाय, मग विहीणबाईचं कावून न्हाई? त्या काय वाटंवर पडल्यात?"

केशरबाईंचे नाव आले. तेवढ्यात शेजारच्या दारातून थोरले बंधू शहादेव बाहेर आले.

"बे बिभीषण, शुभेच्छुकात पयलं नाव कोनाचं?"

"दादा, अजून ठरलं न्हाई."

"ठरवायचं काय त्यात? पोरीच्या लग्नात अक्षदा वाटत फिरलो ते मी. थोरला मी. तुझ्या वहिनीचं बी टाक, न्हाईतर मला घरात भाकर मिळनार न्हाई."

शहादेव यांच्या पत्नी सरस्वतीबाई आतून म्हणाल्या, "मला काय हौस न्हाई नावाची. पर टाकायचंच आसंल तर सौभाग्यवती लावून टाका."

ही वार्ता संध्याकाळपर्यंत चौकात गेली आणि सरपंच उत्तरेश्वर स्वतः चहाला आले. चहा अर्धा झाल्यावर ते म्हणाले, "तुमचा जावई म्हंजे गावाचा जावई. गावाचा जावई म्हंजे माझा जावई. मी काय म्हनत न्हाई, पर लोक म्हनतेल, केकवर सरपंच कावून न्हाई? आता निवडनुका जवळ आल्यात." चुलतबंधू अजिनाथ यांच्या जीपमधून केक आणावयाचा होता, म्हणून त्यांचे नाव अनिवार्य ठरले. अशा रीतीने नावांची संख्या बारा झाली. उरलेल्या नावांची मंडळी या कथेत येत नाहीत, तथापि त्यांचाही मान होता.

एक किलोचा केक पाच किलोंवर गेला. परंतु खरी अडचण वजनाची नव्हती, क्रमाची होती. सरपंच शहादेवांच्या खाली राहावयास तयार नव्हते व शहादेव कोणाच्याच खाली राहावयास तयार नव्हते. बिभीषणरावांनी दोन दिवसांत सोमेश्वर यांना सात वेळा फोन केला.

सातव्या वेळी सोमेश्वर काकुळतीने म्हणाले, "भाऊ, फ्लेक्स आसता तर मी खोडला आसता. क्रीमवर रबर चालत न्हाई. एकदाच काय ते सांगा."

त्या रात्री पडल्या पडल्या बिभीषणरावांना एक अलौकिक कल्पना सुचली. केक गोल करावा. मध्यभागी रविराज यांचे नाव व शुभेच्छा असाव्यात आणि कडेने, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे, बाकीची नावे फिरवावीत. गोलाला वर नाही, खाली नाही, पहिला नाही, शेवटचा नाही. कोणी रुसावयाचे म्हटले तरी त्याला जागा सापडणार नाही. सोमेश्वर यांनाही ही कल्पना पसंत पडली. त्यांनी एवढेच विचारले, "मदी सुरीला वाट सोडू का?" बिभीषणरावांना प्रश्नाचा अर्थ लागला नाही. "वाट कशाला? भरगच्च होऊ द्या," ते म्हणाले.

पाडव्याच्या दिवशी सकाळी अकरा वाजता केक आला. माजलगावपासून तेलगावपर्यंत बिभीषणरावांनी तो तान्ह्या बाळासारखा मांडीवर धरून आणला होता व प्रत्येक खड्ड्याला अजिनाथ यांना, "हळू रे बाबा, सरपंच हाललं," असे बजावले होते. अंगणातील मांडवात चौरंगावर केक ठेवला गेला. पाहुणे आलेलेच होते. आप्पा मामा पांढरेशुभ्र धोतर नेसून खुर्चीवर बसले होते. ते केकाकडे पाहत होते, परंतु त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हते. बिभीषणरावांनी मामांचे नाव मामांच्या बरोबर समोर येईल असा चौरंग लावला व अपेक्षेने पाहिले. मामा एवढेच म्हणाले, "मोठा हाय."

तेवढ्यात सरपंचांना फोटो काढावयाचा होता, म्हणून त्यांनी चौरंग आपल्याकडे फिरवला. शहादेव म्हणाले, "सरपंच, माझं नाव उलटं झालं की. उलटं नाव मेलेल्या मानसाचं दिसतं," व त्यांनी चौरंग आपल्याकडे फिरवला. मग सरस्वतीबाईंनी, मग अजिनाथ यांनी. चौरंग जात्यासारखा फिरू लागला. गोलाला सुरुवात नसते हे खरे. परंतु प्रत्येक माणूस जेथे उभा राहतो तेथे त्याची सुरुवात होते, हे बिभीषणरावांच्या ध्यानात आले नव्हते. अखेर मनकर्णाबाईंनी चौरंगावर हात ठेवून तो जागच्या जागी थांबविला व जावयाच्या हाती सुरी दिली.

"कापा जावईबापू."

रविराज यांनी सुरी सरपंचांच्या नावावर टेकवली.

"थांबा," सरपंच म्हणाले. "निवडनुकीच्या तोंडावर माझ्या नावाचे दोन तुकडे? विरोधक फोटो काढून फिरवतेल."

सुरी केशरबाईंच्या नावाकडे सरकली. केशरबाई म्हणाल्या, "सनाच्या दिशी जित्या मानसाच्या नावावर सुरी चालवीत न्हाईत. आईच्या नावावर तर मुळीच न्हाई. रविराज, हात काढ."

अजिनाथ यांनी बारकाईने पाहून एक जागा शोधली. सरपंच व ते स्वतः यांच्यामध्ये क्रीमचे एक गुलाबाचे फूल होते. "हितून घ्या जावईबापू. फुलाला कोन बोलनार?"

"घेतो," रविराज म्हणाले, "पर एका रेघंनं तुकडा निघत न्हाई. दुसरी रेघ कुठून मारू?"

दुसरी रेघ कोठूनही मारली तरी ती कोणाच्या ना कोणाच्या पोटातून जात होती. शिवाय मनकर्णाबाईंच्या लक्षात आले की, दोन्ही रेघा मध्यभागी जाऊन मिळणार व मध्यभागी तर साक्षात जावयाचे नाव. "नगं बया," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सुरी परत घेतली.

ऊन चढले. क्रीम घाम आल्यासारखे चमकू लागले. रविराज यांनी चमच्याने खावे का असे सुचविले, त्यावर शहादेव म्हणाले, "माझं नाव काय आमटी हाय का?" भजी थंड झाली होती. पंगत मांडलेली होती. परंतु केक कापल्याशिवाय पंगतीला बसणे योग्य नव्हे, असे बिभीषणरावांनीच सकाळी जाहीर करून ठेवले होते.

आणि अशा वेळी आप्पा मामा दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून खुर्चीतून उठले.

वैशाखातही मामा असेच उठले होते. तोच चेहरा, तेच मौन. मोहिनीने दारातून बापाकडे पाहिले. "मामा, बसा ना," बिभीषणराव पुढे होऊन म्हणाले, "तुमच्या पाया पडतो, उपाशी जाऊ नका."

मामांनी मनकर्णाबाईंच्या हातातून सुरी घेतली, धोतराच्या सोग्याला पुसली, आणि समोर जे आले त्यावर आडवी-उभी चालवून एक भलामोठा चौकोन काढला. तो त्यांनी उभ्या उभ्या दोन घासांत खाल्ला. मग मिशीचे क्रीम पुसून म्हणाले, "ग्वाड हाय. तुमी समदे काय बगत बसलाव?"

मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "मामा, ते शहादेव दादांचं नाव व्हतं."

"आसंल," मामा म्हणाले. "मला कुठं वाचता येतंय."

बिभीषणराव खाली चौरंगाच्या कडेला बसले. "मामा, मंग पत्रिकेत तुमचं नाव न्हवतं, त्याचा तुमाला राग..."

"न्हवतं व्हय? मला वाटलं आसंल. येवढी नावं व्हती."

"मंग तुमी पंगतीतून उठून कावून गेलतात?"

"म्हैस अडली व्हती. घरून फोन आलता. पयलारू व्हती, पयलंच येत, लई जपून करावं लागतं. रेडी झाली. आता चांगली मोठी हाय."

केशरबाईंनी कपाळाला हात लावला. "आरं, मग मला सांगायचं तरी. साहा महिने मी यान्ला बोलून ऱ्हायले."

"तू कुठं इचारलंस," मामा म्हणाले व पंगतीत जाऊन बसले. त्या दिवशी मामांनी अकरा पुऱ्या, दोन वाट्या बासुंदी व सरपंचांचा अर्धा भाग एवढे सेवन केले. मोहिनी वाढताना हसत होती. विहीणबाई जाताना म्हणाल्या, "आप्पा पोटभर जेवला. आता माझं काय बोलनं न्हाई." बिभीषणरावांच्या छातीवरचा सहा महिन्यांचा धोंडा उतरला.

पाहुण्यांची जीप वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, पंगतीत एक पाट रिकामाच राहिला होता.

"दादा कुठं हायत?"

"ते मगाच घरी गेले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "जेवले न्हाईत. म्हनाले, बारा नावांत मामाला माझंच नाव खायला सापडलं. आता तुमच्या उंबऱ्याला पाय लावनार न्हाई म्हनाले."

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. दुकान उघडताच बिभीषणराव माजलगावला हजर झाले. सोमेश्वर यांनी त्यांना पाहून वही मिटली, मग नाइलाजाने उघडली.

"एक किलो. मजकूर फक्त शहादेव."

"वर काय?"

"काय न्हाई."

"खाली शुभेच्छुक?"

"कोनी बी न्हाई. एकटं शहादेव. मोठ्या अक्षरांत."

सोमेश्वर यांनी समाधानाने मान हलवून तसेच लिहिले. बिभीषणरावांनी तो केक नेऊन बंधूंच्या ओसरीवर ठेवला व झाकण उघडले. शहादेव यांनी बराच वेळ ते एकटे नाव पाहिले. त्यांचे डोळे पाणावले. धाकट्या भावाचा हात धरून ते म्हणाले, "बे, रागाच्या भरात बोललो. मनावर घेऊ नको."

याच वेळी सरस्वतीबाई चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी केकावरील मजकूर वाचला. तो वाचावयास एकच शब्द असल्याने वेळ लागला नाही. मग चहाचे दोन्ही कप जसेच्या तसे परत उचलून त्या आत गेल्या आणि दाराची आतली कडी लागल्याचा आवाज आला.

शहादेव यांनी भावाचा हात सोडला. "बिभीषण," ते अतिशय हळू आवाजात म्हणाले, "त्या दुकानाचा नंबर हाय का तुझ्याकडं?"

येथे हा वृत्तांत पूर्ण होत असून, आपण आपला अमूल्य वेळ खर्च करून तो वाचलात याबद्दल समस्त वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार. कोणाचे नाव अनवधानाने राहून गेले असल्यास क्षमा असावी.

आपला नम्र,
रामप्रसाद, मु. पो. तेलगाव