सोळुंकेकाकांचा मृत साठा

रोज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निवेदन प्रसिद्ध होते : ‘आजचा साठा सत्त्याण्णव टक्के. आवक किरकोळ. विसर्ग निरंक.’ गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावर नव्याने आलेल्या एका कुटुंबाने हे वाचून डबे भरले, मुलांना रेनकोट चढवले आणि जायकवाडीचे दरवाजे उघडताना पाहायला थेट पैठण गाठले. धरण तेव्हा निम्मेही भरलेले नव्हते. सत्त्याण्णव टक्के भरली होती ती तळमजल्यावरच्या सोळुंकेकाकांच्या गेम कन्सोलची हार्ड डिस्क.

“मी कुठं धरणाचं नाव घेतलं?” परतलेल्या गृहस्थांना काका म्हणाले. “आन् गेलाच होता पैठणला, तर वहिनींना पैठणी घेतली का नाय?”

भानुदासराव सोळुंके यांची सारी नोकरी जायकवाडीच्या सत्तावीस दरवाजांवर गेली. मुलाने बंगळुरूला जाताना मागे ठेवलेला कन्सोल निवृत्तीनंतर त्यांच्या ताब्यात आला आणि त्यांनी त्याचा कारभार खात्याच्याच शिस्तीने सुरू केला. नवा खेळ उतरवून घेणे ही आवक. खेळ पुसणे हा विसर्ग. खेळताना आपोआप साठत गेलेले व्हिडिओ आणि अर्धवट उतरलेल्या फायली हा गाळ. गाळ ते नेमाने उपसत. विसर्गाला मात्र त्यांची तयारी नसे. मासेमारीचे निरनिराळे खेळ होते, ट्रक चालवण्याचा होता, शेतीचाही एक होता. त्यातल्या कुठल्याशा परदेशी शिवारात ज्वारीसाठी योग्य जमीन शोधण्यात त्यांनी अख्खा हिवाळा घालवला होता.

“सोडणं सोपं असतंय,” ते म्हणत. “सोडलेलं पाणी परत आणून दाखवा.”

मी एकदा बाहेरून जोडायची डिस्क सुचवली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. “धरण भरलं म्हणून कुणी शेजारी दुसरं बांधतं का, पोरी?”

काकूंचे मत वेगळे होते. “घरातला माळा भरून वाहायलाय. त्याचा साठा कोण मोजायचा?”

मी भौतिकशास्त्रात संशोधन करते. प्रचंड फायली साठवणे, निवडणे आणि निर्दयपणे पुसणे हा माझ्या दिनक्रमाचा भाग आहे. त्यामुळे गेल्या महिन्यात काका स्वतः जिना चढून आमच्या दारात आले, याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्यांच्या चेहऱ्याचे.

“शास्त्रज्ञ, जरा खाली चला. लई अडचण झालीय.”

अडचण साधी होती. त्यांच्याकडचा क्रिकेटचा खेळ अपडेट केल्याशिवाय उघडायला नकार देत होता. अपडेट होताना खेळाची नवी प्रत आधी तयार होते आणि मग जुनी पुसली जाते. म्हणून त्या खेळाएवढीच मोकळी जागा लागते. ती नव्हती.

“शुक्रवारच्या आत उघडला पायजे,” काका म्हणाले. शुक्रवारी काय आहे, ते सांगेनात.

प्रयोगशाळेत करते तेच मी येथे केले. सगळे खेळ आधी आकारानुसार लावले, मग शेवटच्या वापरानुसार. दोन्ही कसोट्यांवर दोषी एकच ठरत होता. सर्वांत मोठा आणि जवळजवळ वर्षभर कोणी न उघडलेला खेळ म्हणजे हा क्रिकेटचाच.

“काका, हाच पुसू. पुन्हा उतरवला की नवीन रूपातच येईल. तुम्ही जतन केलेला सामना वेगळ्या जागी असतो, त्याला धक्का लागत नाही.”

माझे बोट बटणावर होते. काकांनी माझ्या हातातून कंट्रोलर काढून घेतला.

“तो मृत साठा हाय. त्याला हात नाय लावायचा.”

मृत साठा म्हणजे धरणाच्या सर्वांत खालच्या दरवाजाच्याही उंबऱ्याखाली राहणारे पाणी. कितीही दरवाजे उघडले तरी ते बाहेर पडत नाही. एवढे मला ठाऊक होते. “म्हणजे बिनकामाचाच ना?” मी विचारले.

“बिनकामाचा? दुष्काळाच्या साली नळाला काय आलं व्हतं? तेच उपसून पाजलं सगळ्या शहराला.”

माझे कुतूहल आता डिस्कवरून उठून काकांवर स्थिरावले. उत्तर अखेर स्वयंपाकघरातून आले. “सांगा की तिला,” काकू म्हणाल्या. “सलीमभाईंचा डाव हाय त्यात.”

सलीमभाई शहरातल्याच छावणी भागात राहत. काका आणि ते धरणाच्या दरवाजांवर बरोबरीने नोकरीला होते आणि बरोबरच निवृत्त झाले. दर शुक्रवारी नमाजनंतर ते यायचे, काकूंचे धपाटे खायचे आणि दोघे कसोटी सामन्याचे एक सत्र खेळायचे. एकच, घाई नाही. गेल्या वर्षी मुलगी त्यांना हैदराबादला घेऊन गेली. सामना तसाच राहिला : सलीमभाईंची शेवटची जोडी मैदानात आणि विजयाला चार धावा. या शुक्रवारी ते छावणीत पुतणीच्या लग्नाला येणार होते. मधले दोन तास काकांचे.

“काका, खेळ नक्की परत उतरवता येतो.”

“आन् नाय उतरला तर? सलीम दारात उभा, आन् मी त्याचा डाव पुसून बसलेला?”

तसे घडण्याची शक्यता नगण्य होती. काकांच्या तोंडावर नगण्य हा शब्द मात्र मला उच्चारता आला नाही.

ते सतरंजीवर मांडी घालून बसले. “उघडा,” स्वतःलाच हुकूम दिल्यासारखे म्हणाले, “सत्तावीसच्या सत्तावीस दरवाजे. जागा कमी पडायला नको.” मासे गेले. ट्रक गेला. शेतीवर त्यांचा अंगठा थबकला. “ज्वारी काढणीला आली व्हती,” ते म्हणाले आणि बटण दाबले.

शुक्रवारी निष्कर्ष पाहायला मी खाली गेले. सलीमभाई दारातूनच ओरडले, “क्या रे भानू, मेरेकू आउट करके बैठा तो नै ना?”

“बस आधी. तुझी विकेट मी काढणार, मशीन नाय.”

चार धावा, एक गडी. पाच मिनिटांत निकाल लागेल, असा माझा अंदाज होता. काकांनी एकामागून एक चेंडू यष्टींच्या बाहेर टाकले. सलीमभाईंनी एकामागून एक सोडून दिले. मग एक असा सोपा चेंडू आला, की मीसुद्धा सीमापार धाडला असता. सलीमभाईंनी तो अदबीने पायाशी अडवला. पुढे एक झेल सरळ काकांच्या खेळाडूपाशी उडाला, आणि काकांचा अंगठा हललाच नाही.

“उन्हात दिसला नाय,” काका म्हणाले. पडद्यावरचे आकाश ढगाळ होते.

“हौ,” सलीमभाई म्हणाले. “धूप भोत है आज.”

चहा निवला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा विजयाला चारच धावा हव्या होत्या. “अगले टाइम,” म्हणत सलीमभाई गुडघ्यावर हात ठेवून उठले. काकांनी सामना जतन केला. मग पुन्हा एकदा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवेदन आले : ‘आजचा साठा वीस टक्के. सगळा मृत. विसर्ग निरंक.’

पैठण पाहून आलेले दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आता शहाणे झाले होते. त्यांनी थट्टेने विचारले, ‘काका, मग पाणीकपात का?’

काकांचे उत्तर लगेच आले.

‘नाय. पुरंल.’