उपवासाचं पेट्रोल

आंबेगिरीच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची गाडी दर गुरुवारी उपवास करायची.

आता यात नवल करण्यासारखं तालुक्यात कुणाला काही वाटत नव्हतं. माणसं गुरुवार करतात, गाडीनं केला म्हणून कुणाचं काय बिघडलं? छोटेखानी एसयूव्ही होती, रंग पांढरा, चारही चाकांना सारखा जोर आणि स्वभावानं गरीब. ड्रायव्हर हिंदुराव चौगुले तिला बाईसाहेब म्हणायचा. उपवास तिनं स्वतःच्या मनानं धरला होता. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी स्टँडजवळच्या पंपावर तिनं पेट्रोल घ्यायला साफ नकार दिला. नळी घातली की खट्, पुन्हा घातली की पुन्हा खट्. शेवटी हिंदुराव तिला गावाबाहेर तारळेकरांच्या पंपावर घेऊन गेला, आणि तिथं मात्र ती मुकाट्यानं प्यायली.

कोडं सोडवलं डॉक्टर ज्योत्स्ना माळगे यांनी. पेट्रोल जमिनीखालून येतं, म्हणजे रताळ्याच्या आणि शेंगदाण्याच्या जातीचं. ते उपवासाला चालणारच. प्रश्न त्यात मिसळलेल्या इथेनॉलचा. स्टँडजवळच्या पंपाचं इथेनॉल मक्याचं होतं, आणि मका पडला धान्य. तारळेकरांचं उसाचं होतं. ऊस कुठल्याही उपवासाला चालतो, देवाचीही त्याला हरकत नसते. तारळेकर मुळात हुशार माणूस. त्यांनी आठवड्याच्या आत पाटी लावली, 'येथे उपवासाचे पेट्रोल मिळेल.'

सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त मायलेज आडवं आलं. सहा दिवस गाडी लिटरला साडेसतरा किलोमीटर द्यायची. घाटात चारही चाकं ओढत चालणाऱ्या गाडीनं याहून काय जीव द्यावा? पण गुरुवारी चार. साडेतीनही नाही, पाचही नाही, चार. 'एकादशी, दुप्पट खाशी' असं आपण माणसांना म्हणतो. बाईसाहेबांच्या बाबतीत दुप्पट म्हणजे अगदीच हात राखून बोलल्यासारखं झालं असतं.

जिल्ह्याहून पत्र आलं. 'सदर वाहनाचे सरासरी मायलेज ११.८ आढळून आले. विहित प्रमाण १५ आहे. येत्या गुरुवारी चाचणी घेण्यात येईल. वाहन अपात्र ठरल्यास ते परत मागवून त्याऐवजी पुढील दोन चाकांवर चालणारे वाहन देण्यात येईल.'

पत्र वाचून हिंदुरावाला जुनी गाडी आठवली. पुढच्या दोन चाकांची गाडी आधी होतीच की. झोऱ्यांच्या धनगरवाड्याला सहा वळणं आहेत आणि वाट तांबड्या चिकणमातीची. ती गाडी दुसऱ्या वळणावर बसायची आणि तिथून हिंदुराव डॉक्टरांची पेटी डोक्यावर घेऊन चालत सुटायचा. असंच एकदा पोचायला दीड तास लागला आणि ठकूबाई झोरेची म्हैस गेली. ठकूबाई एका शब्दानं बोलली नाही. उलट दोघांना चहा केला. तो चहा हिंदुरावाच्या अजून घशात अडकलेला होता.

त्यानं अर्ज केला: गुरुवार सोडून कुठलाही वार द्यावा. उत्तर आलं: इतर वारी निरीक्षक व्यस्त असतात.

बुधवारी संध्याकाळी गाडी धुता धुता त्यानं विनवणी करून बघितली. "बाईसाहेब, उद्या एक दिवस कडक करा की. नुसत्या पाण्यावर. माझ्यासाठी म्हणून करा."

वायपर एकदा डावीकडून उजवीकडं गेला आणि परत आला. तो नकार होता.

गुरुवारी सकाळी निरीक्षक यशवंत हेर्लेकर आले. किडकिडीत बांधा, कपाळाला गंध, काखेत फाईल. गाडी तारळेकरांच्या पंपावर नेली. टाकी काठोकाठ भरायची, फिरून यायचं, पुन्हा काठोकाठ भरायची आणि दुसऱ्यांदा जेवढं मावलं तेवढं प्यायली असं धरायचं, ही त्यांची रीत. हेर्लेकरांनी पाटी दोनदा वाचली.

"उसाचंच ना?"

"उसाचंच, साहेब," तारळेकर म्हणाले.

"धान्याचा अंश?"

"अजिबात न्हाई. कारखान्याचा दाखला हाय."

"प्रत जोडा," हेर्लेकर म्हणाले.

टाकी भरली तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. ठकूबाईची दुसरी म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलं होतं. डॉक्टर पेटी घेऊन मागं बसल्या, निरीक्षक पुढं, आणि बाईसाहेब निघाल्या. दुसऱ्या वळणावर पुढची चाकं गरगर फिरायला लागली. हिंदुरावानं डोळे मिटले. तेवढ्यात मागच्या दोन चाकांनी पदर खोचला आणि गाडी सरसर वर चढली. वाड्यावर पोचायला पंचवीस मिनिटं लागली. तासाभरानं रेडकू बाहेर आलं, फुरफुरलं आणि लगेच उभं राहण्याची घाई करून दोनदा आपटलं. ठकूबाईनं डॉक्टरांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

मग ती हेर्लेकरांकडं वळली. "साहेब, भाकरी खावा."

"नको, माझा गुरुवार आहे."

"आगं बया! मग फराळ करा."

उकडलेली रताळी आली, तांब्याभर दूध आलं, गूळशेंगदाण्याचे लाडू आले. हेर्लेकर आधी नको नको म्हणाले. आग्रह झाल्यावर मात्र त्यांनी मान राखला, आणि चांगला मन लावून राखला. म्हशीचं औषध आणायचं म्हणून परतताना ठकूबाईही काठी घेऊन मागच्या सीटवर बसली.

एकूण अंतर अडतीस किलोमीटर झालं. तारळेकरांनी टाकी पुन्हा भरली. साडेनऊ लिटर मावलं. हेर्लेकरांनी भागाकार केला आणि चार हा आकडा आला.

हेर्लेकरांनी पेनाचं टोपण काढलं.

"साहेब, हात जोडतो," हिंदुराव म्हणाला. "तुम्ही ती चढण बघितलीसा. ही गेली तर वरच्या जनावरांचं कसं व्हायचं?"

"चौगुले, मलाही वाईट वाटतं. पण नियम आहे."

मागची काच खाली झाली. "साहेब, इचारू का?" ठकूबाई म्हणाली. "तुमचा आज उपास हाय न्हवं?"

"आहे."

"सात रताळी खाल्लीसा. तांब्याभर दूध. लाडू तर मी मोजलंच न्हाईत. उपास मोडला व्हय?"

"छे, छे! मोडेल कसा? ते सगळं उपवासाचं होतं."

"आन् हिनं काय भाकरी खाल्ली?"

हेर्लेकर थांबले. त्यांनी पाटीकडं पाहिलं, दाखल्याच्या प्रतीकडं पाहिलं, मग थोडा वेळ स्वतःच्या पोटाकडं पाहिलं. तीस वर्षांच्या नोकरीत इतका बिनतोड मुद्दा त्यांच्यापुढं आला नव्हता. त्यांनी साडेनऊवर काट मारली आणि लिहिलं: 'अंतर ३८ कि.मी. इंधन निरंक. शेरा: उपवास.' मग अडतीसला शून्यानं भागून पाहिलं. कॅल्क्युलेटरनं उत्तर द्यायला नकार दिला. तेव्हा त्यांनी मायलेजच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मोजता येत नाही. वाहन पात्र.'

हिंदुरावानं सगळ्यांदेखत बॉनेटला मिठी मारली. इंजिन तापलेलं होतं, चांगला चटका बसला, पण त्यानं सोडलं नाही.

पंधरा दिवसांनी परिपत्रक निघालं आणि जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी गाड्यांना आठवड्यातून एक उपवास धरण्याची मुभा मिळाली. अग्निशमनाच्या बंबानं तेवढी सवलत नाकारली, त्याला ऊस सोसत नव्हता.

राहता राहिला हिंदुराव. बाईसाहेब उपाशी असताना हा गडी दर गुरुवारी मिसळ हाणायचा, गाडीचं तोंड भिंतीकडं करून ठेवून. निकालानंतर त्याची त्यालाच लाज वाटली. पुढच्या गुरुवारी त्यानंही उपवास धरला. साडेदहापर्यंत ठीक होतं. अकराला त्याला स्टिअरिंग भाकरीएवढं दिसायला लागलं.

बाजारपेठेत गाडी आपोआप थांबली. बंद पडली की काय म्हणून त्यानं किल्ली फिरवली, तर चालकाच्या बाजूचं दार उघडलं. समोर हॉटेलात साबुदाणा वडे तळत होते.

हिंदुराव खाली उतरला आणि वडे खायला बसला. किती खाल्ले ते त्यानं मोजलं नाही, आणि गाडीनंही मोजलं नाही.