काटा सुटला, सावली गेली

एका जंगलात, जिथे आजारपणसुद्धा चारचौघांत भोगायची रीत होती, तानी नावाची एक वानरी राहत होती.

बाळांनो, तानी उड्या मारण्यात मोठी पटाईत. पण एके दिवशी तिची बोटं बधिर झाली. फांदी हातात आली की नाही, हे तिला डोळ्यांनी बघून ठरवावं लागू लागलं. कधी एका आंब्याच्या जागी दोन दिसायचे आणि हातात एकही यायचा नाही. उन्हात तर तिचे पाय ओल्या दोरीसारखे व्हायचे.

जंगलाचे डॉक्टर होते धनेश, मोठ्या चोचीचे आणि थोड्या बोलण्याचे. त्यांनी तानीला तपासलं आणि म्हणाले, "झाडाला साल असते, तशी नसांनाही असते. अंगात चोर शिरू नयेत म्हणून पहारेकरीही असतात. तुझ्या पहारेकऱ्यांना घरचं कोण, परकं कोण, कळेनासं झालंय. ते तुझ्याच नसांची साल कुरतडतायत."

"मग हाकला की त्यांना!"

"हाकलता येत नाहीत. दटावता येतात."

या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. पोपटांनी ते तीन दिवस घोकलं आणि चौथ्या दिवशी नाद सोडला.

दटावायचं औषध सुईनं द्यावं लागे. त्या कामावर सगुणाबाई साळिंदर होती. ती झऱ्याकाठच्या गार वाळूतून औषधाची कुपी काढायची, अंगावरचा एक पोकळ काटा उपटायची, त्यात औषध भरायची आणि म्हणायची, "पोरी, तिकडे बघ." तानी तिकडे बघे. एका मंगळवारी डावी मांडी, पुढच्या मंगळवारी उजवी, मग पोट, मग दंड. टोचलेल्या जागी गाठी यायच्या. संध्याकाळी ताप भरायचा.

हे सगळं जांभळीखाली, सगळ्यांदेखत चाले. हरणं पाडसांना घेऊन येत. रानडुकरं चिखलातून उठून येत. पहिल्या रांगेत तानीची गोजाकाकू बसे.

"अगं बाई गं! केवढा हा काटा! माझ्याच्यानं बघवत नाही," असं म्हणून काकू आणखी पुढे सरकायची.

काटा टोचला की तानी किंचाळे. जंगल चुकचुके. त्या जंगलात दुखणं मोजायचं एकच माप होतं: किंकाळी जेवढी लांब, तेवढा आजार मोठा. तानीची किंकाळी पार डोंगरापर्यंत जायची. म्हणून टोळीचा म्होरक्या धोंडजी यानं तिला टेहळणी माफ केली होती.

टेहळणी म्हणजे काय, तर पानं झडलेल्या उंच सावरीच्या शेंड्यावर भर दुपारी बसायचं आणि बिबट्या दिसला की ओरडायचं. तानी खालीच सावलीत बसून पोरांच्या उवा वेची. त्यात तिला कमीपणा वाटत नसे. जिवंत राहण्यात कसला कमीपणा?

अशी सहा वर्षं गेली. मग एक दिवस डॉक्टर चोचीत एक पुडी घेऊन आले.

"तानी, आता तुझ्यासाठी गोळी आहे. रोज सकाळी एक, तोंडानं. मात्र अधूनमधून रक्त तपासावं लागेल. आणि नीट ऐक, आजार तोच आहे. औषधाची फक्त वाट बदलली."

तानीला रडूच कोसळलं. आपल्या गाठाळलेल्या मांडीवरून ती कितीतरी वेळ हात फिरवत बसली.

"हो, हो, जा!" सगुणाबाई फणकारली. "आता माझ्या काट्यांनी काय कान कोरू?" पण पाठ वळवून तिनंही डोळे पुसले.

पुढच्या मंगळवारी नेहमीची गर्दी जमली. तानीनं उंबराच्या फळात गोळी घातली आणि गिळली.

"झालं?" गोजाकाकूनं विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच, काकू."

पाडसांचा विरस झाला. एक रानडुक्कर म्हणालं, "यासाठी मी डुलकी मोडून आलो?"

संध्याकाळपर्यंत जंगलात ज्याच्या त्याच्या तोंडी तानीच. "बरी झाली बरं का ती." "आजार मोठा असता तर एवढीशी गोळी पुरली असती का?" "मी रोज आवळा गिळतो, मला दिली का कुणी सूट?"

चार दिवसांनी धोंडजी घसा खाकरत आला.

"तानी, बरी झालीस, आनंद आहे. उद्यापासून टेहळणीला चढ."

"धोंडजीबाबा, मी बरी नाही झाले. बोटं अजून बधिर आहेत. ऊन सोसत नाही."

"पण ओरडत तर नाहीस."

"गोळी गिळताना कोण ओरडतं?"

"तेच म्हणतोय मी," धोंडजी समजुतीनं म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. तो नुसता म्होरक्या होता.

दुसऱ्या दिवशी तानी सावरीवर चढली. ऊन डोक्यावर आलं. पायांची ओली दोरी झाली. फांदी धरली आहे असं तिला वाटलं, आणि ती धरलेली नव्हती.

नशीब म्हणून खालच्या फांदीत शेपूट अडकलं. तानी उलटी लोंबकळत राहिली. खाली कातळ होता.

"सवय मोडलीय," धोंडजी खालून म्हणाला. "आज उतर. परवापासून रोज चढ, म्हणजे हात बसेल."

परवा मंगळवार होता. बाळांनो, तानीला आपल्या शेपटीवर दुसऱ्यांदा भरवसा ठेवायचा नव्हता.

संध्याकाळी सगुणाबाई तिच्या खरचटलेल्या पाठीला पाला लावायला आली. पाला चोळता चोळता म्हणाली, "पोरी, तू गोळी घेत राहा. सकाळी, कुणी उठायच्या आत. आणि मंगळवारी जांभळीखाली ये."

"कशाला? खोटं बोलायला?"

"खोटं कशाला बोलायचं? नुसतं ओरडायचं."

मंगळवारी सगुणाबाईनं पाठीवरचा एक काटा उपटला, सगळ्यांना फिरवून दाखवला आणि तानीच्या मांडीवरच्या दाट केसांत खोवला. कातडीला तो शिवलासुद्धा नाही. तानी अशी किंचाळली, की जांभळीवरचे दोन पारवे खाली पडले.

"अगं बाई गं! आजार उलटला!" गोजाकाकूनं कपाळाला हात लावला आणि समाधानानं पुढे सरकली.

"अरे, बघता काय? तिला सावलीत न्या!" धोंडजी ओरडला. "या अवस्थेत तिला सावरीवर पाठवलं कुणी?"

कुणी पाठवलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कुणीच बोललं नाही.

इतक्यात पंख फडफडले. डॉक्टर धनेश तपासणीसाठी तानीचं रक्त न्यायला आले होते. गोळी देणारे तेच. आता त्यांच्या एका शब्दावर तानीचा जीव लोंबकळत होता.

डॉक्टरांनी आधी काटा पाहिला. मग केस. मग पाठीवरचं खरचटलेलं. शेवटी मान वर करून त्यांनी ती उघडी सावर शेंड्यापर्यंत न्याहाळली.

"सगुणाबाई," ते करड्या आवाजात म्हणाले, "हे काय चाललंय?"

गोजाकाकूनं मान पुढे काढली.

"एवढ्या मोठ्या आजाराला एवढासा काटा? पुढच्या मंगळवारी याच्या दुप्पट आणा."

तात्पर्य: बाळांनो, औषध सोपं मिळालं तर देवाचे आभार मानून गुपचूप गिळावं, बोंब मात्र जुन्या औषधाचीच मारावी. दुखणं आपल्या अंगात असतं हे खरं, पण ते आहे की नाही हे ठरवणारे पहिल्या रांगेत बसलेले असतात, आणि त्यांना लांबून गोळी दिसत नाही.