लहान हाताचं पिस्तूल

लोणच्याच्या बरणीचं झाकण निघेना, एवढंच झालं होतं. असं कोणाच्याही घरी होतं. पण अर्डिथबाईंच्या घरी ते झालं तेव्हा त्यांचा मुलगा रँडल समोरच जेवायला बसला होता, आणि त्याने ते पाहिलं.

“मॉम, हे किती दिवस चाललंय?”

“काय?”

“बोटांचं.”

“बोटं जन्मापासून आहेत मला. तू जेव.”

रँडल जेवला नाही. तो उठला, टेलिफोनखालचा खण उघडला आणि त्याच्या वारलेल्या बापाचं पिस्तूल काढून, रिकामं आहे याची खात्री करून, आईच्या पुढ्यात ठेवलं. “हा वरचा भाग मागे ओढून दाखव. याशिवाय पहिली गोळी नळीत जात नाही, माहितीये ना?”

अर्डिथबाईंना माहीत होतं. त्यांनी ओढला. हात मुळातच लहान, दुकानात शाळकरी पोरांच्या कप्प्यातले हातमोजे घ्यावे लागत; त्यात संधिवाताने बोटांचे सांधे सुजलेले. तो लोखंडी भाग तसूभर हलला आणि परत जागेवर गेला. रँडलने मान हलवली. घर विकत घेताना गळकं छप्पर दिसल्यावर माणूस हलवतो तशी.

“शेरीफच्या पोलिसाला इथवर यायला पाऊण तास लागतो. कोणी घुसलं तर तोवर काय करणार तू? लोणचं वाढणार त्याला?”

“भुकेला असेल तर वाढीन.”

“थट्टा नको. स्प्रिंगफील्डला चल आमच्याकडे. तळघर रिकामंच आहे. आम्ही कार्पेटपण घातलंय.”

“तळघरात बटाटे ठेवतात, रँडल.”

मग आवाज चढले. कच्च्या रस्त्याच्या टोकाचं ते घर, मागचं कोंबड्यांचं खुराडं, समोरचा अक्रोड, हे सगळं सोडून सुनेच्या कपडे धुण्याच्या मशीनशेजारी जाऊन राहायचं, या कल्पनेनेच अर्डिथबाईंचा मस्तकशूळ उठला. शेवटी रँडलने अट घातली. महिन्याभराने तो येईल. तिने स्वतः पिस्तूल भरायचं, स्वतः उडवायचं, त्याच्यासमोर. जमलं तर राहा खुशाल. नाही तर तळघर.

ज्या बाईने तीस वर्षं शाळेची बस या डोंगरातल्या वळणांवरून बर्फात चालवली, जिच्या बसमध्ये निम्मं गाव ओलं नाक पुशीत मोठं झालं, तिला पोटच्या पोराने परीक्षेला बसवावं, याला काय म्हणावं? मी तरी त्याला त्याच बरणीने हाणलं असतं. अर्डिथबाईंनी नुसती बरणी कपाटात ठेवली, पण कपाटाचं दार असं आपटलं की वरचं घड्याळ वाकडं झालं.

दुसऱ्या दिवशी त्या ट्रॉयच्या दुकानात गेल्या. आमच्या हॅकेट मिलमध्ये मासे पकडायची गांडुळं आणि बंदुका एकाच दुकानात मिळतात, आणि दुकानदाराबरोबर सल्ला फुकट मिळतो, घ्यायची इच्छा असो वा नसो.

“मिस अर्डिथ! तुमच्यासाठी एकदम फिट्ट वस्तू आहे माझ्याकडे.” ट्रॉयने काचेखालून साबणाच्या वडीएवढं एक पिस्तूल काढलं. मूठ गुलाबी होती.

“गुलाबी का?”

“बायकांना आवडतं.”

“कुठल्या बायकांना?”

ट्रॉय विचारात पडला. “म्हणजे... साधारणपणे बायकांना.”

लहान हाताला लहान पिस्तूल, हा हिशेब आमच्याकडच्या प्रत्येक दाढीवाल्याला पाठ आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. पिस्तूल जितकं लहान तितकी आतली स्प्रिंग ताठ, आणि अंगात वजन नसल्यामुळे धक्का सगळा उडवणाऱ्याच्या मनगटाला. तरी दर नाताळला कोणी ना कोणी आपल्या बायकोला नाहीतर आईला असली वडी भेट देतो. ती बिचारी एकदा उडवते, मनगट चोळत ‘छान आहे’ म्हणते, आणि पुढे ती वडी मोज्यांच्या खणात पडून राहते.

अर्डिथबाईंनी ओढून पाहिलं. नवऱ्याच्या पिस्तुलाचा वरचा भाग निदान हलला तरी होता. हा हललाच नाही. ट्रॉयने मग एक छोटं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. याला मागे ओढायचं काही नाही, म्हणाला, नुसता चाप ओढायचा. त्यांनी रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप एका बोटाने ओढला, मग दोन्ही हातांच्या दोन बोटांनी ओढला. चाप जागचा हलेना, पण नळी हळूहळू वळत भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या हरणाकडे गेली.

“चोराला जरा कडेला उभा राहा म्हणावं लागेल,” त्या म्हणाल्या.

एव्हाना दुकानातली इतर गिऱ्हाइकं गोळा झाली होती. एकाने सांगितलं, शॉटगन घ्या. दुसरा म्हणाला, कुत्रा पाळा. तिसरा म्हणाला, रबरी चेंडू दाबा रोज, माझ्या सासूने दाबला. यातल्या प्रत्येकाने पिस्तूल त्यांच्या हातात दिलं आणि लगेच ‘असं नाही, असं’ म्हणत काढूनही घेतलं. नीट धरून बघायला कोणी दिलंच नाही. अर्डिथबाई रिकाम्या हाताने बाहेर पडल्या आणि गाडी इतक्या जोरात मागे घेतली की ट्रॉयचा गांडुळांचा फलक आडवा झाला.

आता खरं तर इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण आमच्या गावात बाईने एका पुरुषाला पिस्तुलाबद्दल विचारलं की तो प्रश्न गावाच्या मालकीचा होतो. रविवारी चर्चनंतर सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. अर्डिथबाई मक्याचा पाव आणि भाजलेल्या बीन्स घेऊन गेल्या, तर मागच्या मैदानात पाच-सहा ट्रक उलटे लावलेले, प्रत्येकाची मागची फळी पाडलेली, आणि प्रत्येक फळीवर टेबलक्लॉथ घालून पिस्तुलं मांडलेली. लग्नातलं रुखवत जसं.

“मिस अर्डिथ, या, या. सगळी रिकामी आहेत,” क्लीटस म्हणाला. क्लीटस चर्चचा कारभारी, बैलासारखा गडी. लहानपणी बसमध्ये खिडकीतून तोंड बाहेर काढल्याबद्दल त्याने अर्डिथबाईंचा ओरडा शेकडो वेळा खाल्ला होता. “माझं ऐका. पंचेचाळीसच्या गोळीशिवाय काही घेऊ नका. बाकी सगळी खेळणी.”

“बाईच्या हाताला पंचेचाळीस?” ट्रॉय म्हणाला. “नऊ मिलिमीटर सांग.”

“नऊने माणूस चिडतो फक्त.”

“तुला कोणी चिडवलं होतं नऊने?”

“माझ्या बापाने पंचेचाळीस वापरली.”

“तुझा बाप चष्मा पण वापरत नव्हता. म्हणून कोठार पेटवून बसला.”

मग काय विचारता. पंचेचाळीसवाले एका बाजूला, नऊवाले दुसऱ्या बाजूला. पास्टर मध्ये पडले तर दोन्ही बाजूंनी त्यांनाच विचारलं, तुमचं मत काय, आणि ते मत सांगून बसले. त्यामुळे तिसरी बाजू तयार झाली. बीन्स थंड झाल्या. कोणाच्या आजोबांनी कुठल्या लढाईत काय वापरलं इथपर्यंत गोष्ट गेली. ज्या बाईसाठी हे चाललं होतं तिच्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

आणि म्हणूनच अर्डिथबाईंना पहिल्यांदा निवांत पिस्तुलं हाताळता आली. त्या एकेका फळीपाशी गेल्या. उचललं, नळी मैदानामागच्या टेकाडाकडे ठेवली, ओढून पाहिलं, खाली ठेवलं. डोकं तापलेलंच होतं. चिमटीत धरून ओढायचं सोडून त्यांनी पिस्तूल पोटाशी आडवं घेतलं, वरचा भाग अख्ख्या पंज्याने आवळला आणि दुसऱ्या हाताने मूठ खांद्याच्या जोरावर पुढे ढकलली. बसच्या दाराचा दांडा त्यांनी आयुष्यभर तसाच ढकलला होता. बोटांनी तो कधीच हलला नसता. काही पिस्तुलं अशी अर्धी उघडली. क्लीटसच्या ट्रकमध्ये घोंगडीखालून एक मूठ डोकावत होती. चांगलं हातभर वाटावं असं धिप्पाड पिस्तूल. त्यांनी ते पोटाशी घेतलं, ढकललं, आणि ते लोण्यासारखं उघडलं. चापही मऊ. पंजा लहान असूनही बोट चापापर्यंत आरामात पोचत होतं.

“हे कोणाचं?” त्यांनी विचारलं. बस थांबवून मागे वळून विचारायच्या त्याच आवाजात. मैदान गप्प झालं.

ट्रॉयने जवळ येऊन पाहिलं. “हे तर तीनशे ऐंशी, नऊपेक्षाही हलकी गोळी. म्हाताऱ्या माणसांसाठी, हात दुखणाऱ्यांसाठी मुद्दाम मऊ स्प्रिंग घालून काढतात ते. क्लीटस?”

“बायकोचं आहे,” क्लीटस म्हणाला.

“माझं?” त्याची बायको बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन उभी होती. “मी पिस्तुलाला हात लावत नाही. रात्रभर अंगठे शेकत बसतोस ते सांग ना त्यांना.”

क्लीटस लाल झाला. पंचेचाळीसवाल्यांपैकी दोघे हळूच जेवायला निघून गेले.

“तू दुकानात होतास परवा,” अर्डिथबाई त्याला म्हणाल्या. “रबरी चेंडूचा सल्ला ऐकलास माझ्याबरोबर. आणि तुझ्या ट्रकमध्ये हे पडलंय.”

“चारचौघांत कसं सांगणार, मिस अर्डिथ.”

“गाढवा,” त्या म्हणाल्या. बसमध्येही हाच शब्द असायचा.

तसंच पिस्तूल त्यांनी ट्रॉयकडून मागवलं. पुढचे दिवस रागातच गेले. पिस्तुलाच्या मुठीत सरकवायच्या मॅगझीनमध्ये गोळ्या दाबताना अंगठा ठणके. त्यासाठी एक प्लास्टिकचं टोपण मिळतं, तळव्याने दाबलं की गोळी आत, हेही ट्रॉयने त्या खवळल्यावरच सांगितलं. रोज सकाळी खुराडं उघडून झालं की त्या घरामागच्या टेकाडासमोर रंगाचे रिकामे डबे मांडत. पहिल्या आठवड्यात डब्यांना काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक डब्याला मनातल्या मनात रँडलचं कार्पेट म्हणायला सुरुवात केली, आणि नेम सुधारला.

ठरल्या दिवशी रँडल आला. हातात रिबीन बांधलेलं खोकं.

“तू तुझं काहीतरी घेतलंयस म्हणे. ट्रॉय सांगत होता, मोठं धूड आहे. मॉम, तुझ्या हाताला ते कसं चालेल? हे बघ मी काय आणलंय.”

खोक्यात वडी होती. मूठ जांभळी, हा काय तो फरक.

“नको,” अर्डिथबाई म्हणाल्या.

“खास बायकांसाठी आहे.”

“मला ते ओढता येत नाही, रँडल. मी बघितलंय.”

“कारण तुला कोणी नीट दाखवलं नाही. थांब.” त्याने वडी भरली, टेकाडासमोर उभा राहिला. हात बापाचा, फावड्याएवढा. त्या पंज्यात पिस्तूल दिसेनासंच झालं. अंगठ्याजवळचं मांस मुठीच्या वर फुगून आलं होतं. “असं धरायचं घट्ट. आणि मग नुसतं—”

गोळी उडाली. उडाली की वरचा भाग मागे येतो. तो मागे आला तो सरळ त्या फुगलेल्या मांसात घुसून परत गेला. रँडलने पिस्तूल गवतात टाकलं आणि हात धरून असा ओरडला की कोंबड्या खुराड्यात पळाल्या.

अर्डिथबाईंनी वडी उचलून रिकामी केली आणि स्वयंपाकघरातून टॉवेल आणून त्याच्या हाताला गुंडाळला. जखम पाहिली. खोल होती, पण जिवावरची नव्हती. मग त्या टेबलापाशी गेल्या आणि आपल्या मॅगझीनमध्ये गोळ्या भरायला लागल्या.

“मॉम, काय करतेयस?”

“तू बघायला आलायस ना?”

“रक्त येतंय मला!”

“दाबून धर. आणि बघ.”

“मॉम, हॉस्पिटल—”

“गाडी मी चालवणार आहे. तेव्हा माझं झाल्यावर निघू.” टोपण दाबून त्यांनी शेवटची गोळी आत घातली. पिस्तूल पोटाशी घेतलं, ढकललं, उचललं. एकामागून एक डबे पडले. एक तेवढा राहिला, त्याला त्यांनी शिवी दिली आणि पुन्हा नेम धरून पाडला. पिस्तूल रिकामं करून, पुसून, पेटीत ठेवून कुलूप लावलं. रँडल पायरीवर टॉवेल दाबून बसला होता, पांढराफटक.

“जमलं का?” त्यांनी विचारलं.

“जमलं.”

“मोठ्याने.”

“जमलं, मॉम.”

हॉस्पिटलमध्ये टाके पडले. नर्सने कसं झालं विचारलं तेव्हा रँडल म्हणाला, मासेमारीचा गळ. अर्डिथबाईंनी नर्सला खरं काय ते सांगितलं, जांभळ्या मुठीसकट. उजव्या हाताची हालचाल दोन आठवडे बंद, नर्स म्हणाली, आणि पुठ्ठ्यासारखं जाडजूड बँडेज बांधून दिलं.

बाहेर येऊन दोघे गाडीत बसले.

“चोराचं नव्हतं मला काही,” रँडल म्हणाला. “डॅड शेडमध्ये पडला तेव्हा अँब्युलन्स पाऊण तासाने आली. फोन वाजला की दर वेळी वाटतं, आता तुझ्याबद्दलचा.”

तो पाऊण तास त्याच शेडमध्ये जमिनीवर बसून अर्डिथबाईंनी काढला होता, त्याने नाही. आणि भीती मात्र हा धरून बसला होता, याचाच त्यांना जास्त राग आला.

“मग हे सांगायचं होतं,” त्या म्हणाल्या. “महिनाभर माझे अंगठे मोडून घेतलेस. एवढं एक वाक्य बोलायला तुला पिस्तूल लागलं?”

त्यांनी गाडी सुरू केली.

“पट्टा लाव.”

रँडलने उजवीकडचा पट्टा डाव्या हाताने मागून ओढला. बँडेज मध्ये आलं. पट्टा सुटून सर्रकन परत गेला. त्याने पुन्हा ओढला, कंबरेशी आणला, पण कडी खोबणीत जाईना. खोबणी धरायला दुसऱ्या हाताला बोटांऐवजी नुसता पुठ्ठा. अर्डिथबाई स्टिअरिंगवर हात ठेवून बघत होत्या. मागे एका गाडीने हॉर्न दिला. त्यांनी आरशात बघितलं आणि तिथेच थांबल्या.

“मॉम.”

“हं.”

“लावून दे ना.”

त्यांनी वाकून पट्टा ओढला आणि तळव्याच्या टाचेने कडी आत ढकलली. मग क्षणभर तशाच वाकून, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, “आता तुला कोणत्या तळघरात ठेवू, ते सांग.”

रँडलने खाली बघितलं. अर्डिथबाई सरळ झाल्या, मागच्या हॉर्नवाल्याला खिडकीतून दोन शब्द ऐकवले, आणि मग घरच्या रस्त्याला लागल्या.