बिरूआप्पा आणि आभाळ

आमच्या ऑर्केस्ट्राच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारची सीट माणसासाठी नाही. तिथे ड्रमसेटमधला छोटा ढोल बसतो, वाकळेत गुंडाळलेला, वरून पट्ट्याने बांधलेला. आमची गायिका सुनंदा मागे स्पीकरच्या खोक्यांवर, वाऱ्याने केसांचा झाडू झालेला. तिच्याही मागे ड्रमवाले बिरूआप्पा, मोठ्या ढोलाला कवेत घेऊन. एकदा सुनंदाला ताप होता म्हणून मी म्हटलं, "आप्पा, आज तिला पुढं बसू द्या."

"बाईचा ताप गोळीनं उतरंल," आप्पा म्हणाले. "ह्याचं तोंड सैल पडलं तर ह्याला कोन्ती गोळी देऊ?"

सुनंदा तापातही हसली आणि मागे जाऊन बसली.

मी त्याच ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. आप्पा युसूफ वडगाव ह्या गावचे, घर मेंढपाळाचं. वडील, चुलते, भाऊ सगळे मेंढरांमागे गेले, हे एकटे लग्नाच्या बँडमागे. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर टेम्पोकडे बोट दाखवायचे, "बिऱ्हाड हाय की तितं."

आमचा धंदा गावोगाव फिरायचा. सकाळी गारठा, दुपारी डोकं उकळेल असं ऊन, संध्याकाळी कुठून तरी ढग. प्रत्येकाशी आप्पांचं वेगळं भांडण. परळीत शिरलो की तिथल्या वीजकेंद्राच्या राखेशी. पितळी थाळ्या उशीच्या अभ्र्यात जायच्या, पायाने दाबायच्या पट्टीच्या स्प्रिंगवर हातरुमाल यायचा. "राख इकायची तर बाजारात इका, आमच्या ढोलात फुकट कावून?" हे ते परळीच्या हवेला मोठ्याने विचारायचे. उन्हाचं तर विचारूच नका. जेवायला थांबलो की आधी टेम्पो लिंबाखाली. सावली सरकली की आप्पा ड्रायव्हरला भरल्या ताटावरून उठवायचे. एक हॉटेलवाला कंटाळून म्हणाला, "आप्पा, झाडच उपटून न्या." आप्पांनी टेम्पोत वाकून पाहिलं. "जागा न्हाई," म्हणाले.

पावसाचा अंदाज मात्र त्यांना काडीचा नव्हता. मेंढपाळाचं पोर म्हणून आम्ही सुरुवातीला विश्वास ठेवायचो. ते नाक वर करून सांगायचे, "येत न्हाई आज," आणि आम्ही निथळत घरी यायचो. "लई येनार," म्हणाले की दिवसभर धूळ. चुकले तरी आवाज त्यांचाच मोठा. "आभाळाला शिस्त न्हाई बे, मला कावून नावं ठिवता?"

गेल्या वर्षी शिरूर कासारकडच्या एका गावात पुढाऱ्याच्या सत्काराला आमचा कार्यक्रम होता. दसरा होऊन गेलेला. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात, गावाबाहेर ट्रक लागलेले. मांडव होता तो पाहुण्यांच्या डोक्यावर. स्टेज उघडं. दिवस मावळायला भुरभुर सुरू झाली तशी मी विजेची सगळी बटणं बंद केली. आप्पांनी सगळा सेट घोंगड्यांत झाकला, उरलेल्या ढोलावर अंगातला सदरा टाकला आणि पुढे मांडी घालून बसले.

पुढाऱ्याचा माणूस धावत आला. "अबे, ढोल तरी वाजीव की. सायेब बसलेत."

"सायबाच्या डोक्यावर मांडव हाय. आमच्या न्हाई."

"ढोलावरचं प्लॅस्टिकच हाय ना? इरघळतंय का काय?"

"वर प्लॅस्टिक, आत लाकूड. मांडव इकडं सरकवा, सकाळपस्तोर वाजीवतो."

मी आप्पांच्या कानाशी लागलो, "हलकंसं वाजवा, आप्पा. उगं वैर कशाला?" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी साहेब स्वतः उठून स्टेजपाशी आले.

"काय रे, पावसाला भितोस?"

आप्पा उभे राहिले. अंगात नुसतं बनियन, तेही भिजलेलं. "मी कुटं भितोय, सायेब? मी उघडाच हाय की. छत्री तुमच्या डोक्यावर हाय."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग सगळं मैदान हसलं. साहेबांचा चेहरा उतरला. "पुन्हा ह्या भागात दिसू नका," म्हणून ते गाडीत बसले.

"दिसनार की!" आप्पा गाडीमागे ओरडले. "रस्ता काय तुमच्या घरातून जातो व्हय?"

साहेबांमागे पाहुणे गेले. मांडववाला कनाती सोडायला लागला. मी वायरी गुंडाळत होतो. मैदानात अजून माणसं उभी होती, डोक्यावर पोत्यांच्या खोळी घेतलेली, टोळ्यांतली. त्यांतून एक म्हातारी स्टेजला येऊन टेकली. घोंगड्यांकडे बघून तिने दबक्या आवाजात विचारलं, "कोन आजारी हाय का रं?"

"न्हाई आई. ढोल हाय."

"मग झाकलाय कावून?"

"निजलाय."

"उठीव की मग. सकाळी आमची गाडी हाय. तितं उसाच्या फडात आमच्यासाठी कोन वाजवायलंय?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. आता काहीतरी खवचट निघणार म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यांनी मोठ्या ढोलावरची घोंगडी ओढून काढली.

"आप्पा, भिजंल."

"भिजू दे."

माईक नाही, गाणं नाही, नुसता ढोल. प्रत्येक टिपरीसरशी ढोलावरचं पाणी हातभर वर उडत होतं. आधी पोरं नाचली, मग बाया, मग खोळी फेकून गडीमाणसं. सुनंदाही चपला स्टेजवर सोडून खाली उतरली. म्हातारी तेवढी जागची हलली नाही. दोन्ही हात स्टेजच्या फळीवर ठेवून ती आप्पांच्या हातांकडे बघत होती.

त्या रात्री आम्ही गावच्या समाजमंदिरातच राहिलो. सकाळी आप्पांनी सगळा सेट ओट्यावर उन्हात मांडला. मोठ्या ढोलाचं लाकूड फुगलं होतं. मी टिचकी मारली तर ओलं पोतं आपटल्यासारखा आवाज आला.

"गेला की हो, आप्पा."

ते फडक्याने नट पुसत राहिले. मग म्हणाले, "लोकं फर्माइश करत्यात ती गान्याची. बाई, हे म्हना, ते म्हना. ढोल वाजीव म्हनून मला कुनी आजपस्तोर म्हनलं न्हवतं बे."

"काल साहेब म्हणाले की."

"त्यो हुकूम व्हता."

तेवढ्यात समोरच्या रस्त्यावरून ट्रक जायला लागले. वर भांडी, गाठोडी, कोंबड्या, त्यांवर माणसं. आप्पा प्रत्येक ट्रकला मान वर करून बघायचे आणि पुन्हा पुसायला लागायचे. शेवटच्या ट्रकमधून, गाठोड्यांमधून एक हात हलला. कुणाचा ते दिसलं नाही. आप्पा ओट्यावर उभे राहिले, दोन्ही टिपऱ्या उंच धरल्या आणि ट्रक वळणाआड गेला तरी हात खाली घेतले नाहीत.