कोंबड्याचं वय कुणी विचारलंच नाही

एक उकडलेलं अंडं खावं, यापलीकडे माझा काही विचार नव्हता. एक अंडं. मीठ नसतं तरी चाललं असतं. त्या एका अंड्यापायी माझी आई, माझी बायको, खोडाळ्याकडचे आमचे सगळे भाऊबंद, एक भगत आणि खुद्द गावदेवी कामाला लागणार आहेत, असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी निमूटपणे मुगाची उसळ खाऊन झोपलो असतो. (तसा मी झोपलेलाच असायचो. तोच तर आजार होता.)

मी जव्हारला सरकारी कचेरीत क्लार्क आहे. गेलं वर्षभर मला कशाचाच उत्साह नव्हता. एसटी डेपोपासून कचेरीपर्यंत चालत आलो की खुर्चीत बसायचो आणि उठायची वेळ झाली की बसल्याचाच थकवा यायचा. पायांना मुंग्या. शब्द आठवायचे नाहीत. एकदा साहेबांनी मला टेबलावर मान टाकलेलं पाहिलं आणि हळूच दार लोटून घेतलं. त्यांना वाटलं, नामस्मरण चाललंय. माझं नाव पंढरी आणि मी मांस-मासे खात नाही, एवढ्यावर लोक मला माळकरी समजतात. माळ मी कधी घातलेली नाही. पण समजूत दूर करायलाही अंगात जोर लागतो.

शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टर पोरसवदा होता. रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाला, "काका, बी-ट्वेल्व्ह फारच कमी आहे. नॉनव्हेज खाता का?"

"नाही."

"घरात चालत नाही?"

"घरात चालतं. मला चालत नाही."

"मग घरचे खातात तेव्हा तुम्ही काय करता?"

"वास घेतो."

"वासात बी-ट्वेल्व्ह नसतं," तो गंभीरपणे म्हणाला. "गोळ्या देतो. पण अंडी, मासे सुरू करा."

आता हे 'मला चालत नाही' कुठून आलं, ते सांगायला हवं. आमची सपना दोन वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला होता. पोरगी डोळे उघडेना. जयवंती, म्हणजे आमची ही, तिला मांडीवर घेऊन आत बसलेली आणि मी बाहेर व्हरांड्यात. करण्यासारखं माझ्या हातात काहीच नव्हतं. तेव्हा आमच्या गावदेवीला हात जोडून मी म्हणालो, "आई, पोर वाचव. मी मांस-मासं तोंडाला लावणार नाही." पोर वाचली. मीही शब्द पाळला. फक्त एक चूक झाली. मुदत घालायची राहिली. (मी सरकारी नोकर. साधा रजेचा अर्जसुद्धा मी 'पासून' आणि 'पर्यंत' लिहिल्याशिवाय पुढे सरकवत नाही. पण देवीपुढे फक्त 'पासून' म्हणालो आणि 'पर्यंत' विसरलो.)

तर दवाखान्यातून येताना मी दुकानातून एक अंडं घेतलं आणि रुमालात गुंडाळून घरी आणलं. जयवंती लसूण सोलत बसली होती.

"आज अंडं खायचं म्हणतोय," मी म्हणालो.

"कोण?"

"मी."

तिचा हात थांबला. "आधी सपनाला फोन लावा."

सपना नाशिकला नर्सिंगला आहे. "अगं, अंडं मी खाणार. फोन तिला कशाला?"

"ती बरी आहे का विचारा."

"पण मी अजून खाल्लं कुठे?"

"मनात तर आलं ना?"

फोन लावला. सपना म्हणाली, "पप्पा, मी ड्युटीवर आहे, पटकन बोला." मी डॉक्टरचं सांगितलं. ती म्हणाली, "मग खा की अंडं! मी तर कधीची सांगतेय." आणि त्याच वेळी पोरगी शिंकली.

"ऐकलंत?" जयवंतीचे डोळे मोठे झाले.

"मम्मी, धूळ आहे इथे!" फोनमधून आवाज आला. पण धुळीवर विश्वास ठेवायला आता कोण तयार होतं? अंडं शेजारच्या वेणूताईंकडे गेलं. त्यांनी ते आमच्या भिंतीपलीकडेच फोडून तळलं. मी वास घेतला.

मला राग यायला हवा होता, पण रागालाही थोडं बी-ट्वेल्व्ह लागत असावं. मी नुसता बसून राहिलो. थोड्या वेळाने जयवंतीच जवळ आली आणि म्हणाली, "तुम्ही देवीला बोललात आणि मोकळे झालात. पोरीचा श्वास चालतोय का, ते मी तिच्या नाकाशी बोट धरून बघत होते. ते बोट अजून माझ्या लक्षात आहे. तुमची दशा मला दिसत नाही, असं नाही हो. पण मला भीती वाटते."

खरं सांगायचं तर थोडी भीती मलाही वाटत होती. फक्त मी ती अंड्यासारखी रुमालात गुंडाळून ठेवली होती.

मग आम्ही गावी आईला फोन लावला. माझी आई, धोंडीबाई, फोनवर बोलते ती फोनची गरज नसल्यासारखी. अख्खा मोखाडा तालुका तिच्या आवाजाच्या टप्प्यात येतो.

"पंढऱ्या, देवीला बोललास ना? मंग मोकळा पण देवीच करल! डाक्टर कोण करनारा? दिवाळीला ये. जिवाबाबाला इचारू!"

जिवाबाबा आमचा भगत. दिवाळीत सपना सुट्टीवर आली आणि आम्ही तिघं एसटीने खोडाळ्याला उतरून गावात गेलो. जिवाबाबा अंगणात नागलीच्या कणसांवर बसलेल्या कोंबड्या हाकत होता. माझ्याइतकाच थकलेला दिसत होता. म्हणाला, गुडघे दुखतात, हल्ली देवी अंगात आली तरी बसूनच येते.

त्याने सुपात तांदळाचे दाणे टाकले, बोटाने इकडेतिकडे सारले, डोळे मिटले. जयवंती पदर धरून बसली होती. सपना मोबाइल बघत होती, तिला जयवंतीने कोपर मारलं.

बऱ्याच वेळाने जिवाबाबाने एक डोळा उघडला. "पंढरी, देवीनं मागितला होता का रं, तू मांस सोडावं म्हणून?"

"नाही. मीच बोललो."

"देवी इचारतं, म्या दर वरसाला कोंबडा खातंय. मी कोंबडा खानारी, आन् माझ्या नावानं हा भाजी का खातो? इतकी वर्सं तिला कोडा पडला होता."

अंगणात हसणं उसळलं. आई सगळ्यांत मोठ्याने हसली. मी कसानुसा झालो. इतकी वर्षं लग्नाच्या पंगतीत कोपऱ्यात बसून बटाटा खाल्ला, तो कुणी मागितलेलाच नव्हता!

जयवंती मात्र हसली नाही. तिने पुढे सरकून विचारलं, "बाबा, पोरीला काही होणार नाही ना?"

जिवाबाबाचा आवाज मऊ झाला. "पोरीला काय व्हनार, बाय? मगाशी तिनंच माझ्या गुडघ्याला मलम लावला. देवीनं ती कामाला ठेवलीय, तिला काय करल?"

जयवंतीने सपनाकडे बघितलं. सपना म्हणाली, "मम्मी, आता रडू नकोस." म्हणजे ती रडलीच.

उपाय ठरला. देवीला कोंबडा द्यायचा आणि देवीसमोर बसून पहिला तुकडा मी खायचा. भाऊबंदांनाही जेवायला बोलवायचं. (एका अंड्याचं काय काय झालं बघा.)

कोंबडा दिला माझ्या चुलतभावाने, मंगळूने. "दादा, तुमच्यासाठी घरातला सगळ्यांत थोर कोंबडा काढलाय," असं तो म्हणाला. 'थोर' हा शब्द मी नीट ऐकायला हवा होता. कोंबडा तांबडा, उंच, आणि त्याच्या नजरेत असा काही अनुभव होता की मला आमचे निवृत्त झालेले हेडक्लार्क आठवले.

"दादा, तुम्हीच धरा. नवस तुमचा," मंगळू म्हणाला.

मी धरला. कोंबड्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मनगटावर चोच मारली आणि तो सुटला. अंगणातून खळ्यावर, खळ्यावरून कापलेल्या भाताच्या शेतात. मागे मी. माझ्या मागे भाऊबंद, मदतीला नाही, बघायला. चार पावलं पळालो की मी थांबायचो. मी थांबलो की कोंबडाही थांबायचा आणि दाणे टिपायचा. माझी दया येत होती त्याला. शेवटी बांधावरून उडी मारायला गेलो आणि चिखलात बसलो. पडलो नाही, बसलो. उठावंसं वाटेना. ऊन चांगलं होतं, जागा मऊ होती, आणि सोमवारी कचेरीत जायचं होतं.

"पप्पा, चक्कर आली का?" सपना धावत आली.

"नाही गं. जरा टेकलोय."

तेवढ्यात आईने मूठभर तांदूळ घेतले, "या, या, या" केलं, आणि तो थोर कोंबडा नातवासारखा चालत तिच्या हातात गेला.

दुपारी देवीपुढे कोंबडा दिला. तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं चढलं. आणि मग जी वाट बघणं सुरू झालं! कोंबडा शिजेना. आई दर थोड्या वेळाने तुकडा दाबून बघायची आणि म्हणायची, "अजून हाय त्याच्यात." लाकडं संपली, पुन्हा आणली. भाऊबंद आडवे झाले. पोरं भात नुसता खाऊन खेळायला गेली. उन्हं कलली तेव्हा आई म्हणाली, "आता शिजला असंल, नसंल, आपून दमलो."

देवीसमोर मला पाटावर बसवलं. पानावर एक तुकडा. तंगडीचा. सगळे गोल उभे. मी हात जोडले. तो व्हरांडा आठवला, आतून न येणारा पोरीचा आवाज आठवला. समोर ती सपना उंच होऊन उभी होती, चपलांना माझ्या मागे धावतानाचा चिखल. मी तुकडा तोंडात घातला.

रस्सा जिभेला लागला आणि मी डोळे मिटले. काय सांगू! इतक्या वर्षांचं वरण एका क्षणात मागे पडलं. मग मी चावलो.

काहीच झालं नाही. तुकडा होता तसाच. पुन्हा चावलो. बाजू बदलली. सगळे बघत होते. सगळा जोर लावून चावलो आणि तोंडात 'कट्' असा आवाज आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बघा, कसा भरून आलाय," मागून एक बाई म्हणाली.

मी तोंडाला हात लावला. हाताला रक्त.

जयवंती किंचाळली, "देवी कोपली! बाबा, देवी कोपली!"

सपनाने पुढे येऊन माझा जबडा उघडला, बोटाने चाचपलं आणि अर्धी दाढ बाहेर काढली.

जिवाबाबा गुडघ्यांवर हात ठेवून उठला, दाढ निरखून बघितली, मग पातेल्याकडे बघितलं. "देवी नाय कोपली, बाय," तो म्हणाला. "कोंबडा म्हातारा हाय. मंगळू, किती वर्सांचा रं हा?"

मंगळूने मान खाली घातली. "सपनाताई शाळेत होती तवाचा असंल."

जयवंतीने माझ्याकडे बघितलं, दाढेकडे बघितलं, आणि तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून, खांबाला टेकून, ती इतकी हसली की तिला धरावं लागलं. पोरीच्या त्या तापापासून देवीचं नाव निघालं की तिचा चेहरा ताठ व्हायचा. त्या दिवशी देवीसमोरच तो सैल झाला. माझी दाढ गेली, पण दुखता दुखता मला बरं वाटलं. उरलेला कोंबडा भाऊबंदांनी कसा खाल्ला, माहीत नाही. आमच्याकडच्या लोकांचे दात चांगले असतात.

दाढेची उरलेली मुळं जव्हारला येऊन काढून घेतली. गोळ्या चालू आहेत, थोडी हुशारीही वाटते. गालाची सूज उतरल्यावर मी स्वतःच्या पायांनी बाजारात मासे घ्यायला गेलो. ही गोष्ट छोटी नव्हती. मासळीवाल्या पोशीबाईच्या टोपल्यांसमोर छाती पुढे काढून उभा राहिलो आणि म्हणालो, "सुके बोंबील द्या. चांगले मोठे."

पोशीबाईने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "बोंबील नको, दादा. जवळा घ्या. बारीक असतो, चावायला लागत नाय."

म्हणजे बातमी खोडाळ्याहून एसटीने माझ्या आधीच आली होती. मी वाद घातला नाही. जवळा घेतला. वासच इतका सुंदर होता की अपमान नाकापर्यंत पोचलाच नाही. पिशवी छातीशी धरून मी वळलो, तर वाटेत पोशीबाईची नात टोपल्या पसरून बसली होती.

"ए सोनी," पोशीबाई ओरडली, "बाजूला हो गं जरा, आजोबांना जाऊ दे."

मीही आदराने बाजूला सरकलो आणि मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं.