चांगला पाय आधी

"दोन्ही गुडघे एकदमच बदला," मास्तरांनी डॉक्टरांना सांगून टाकलं. जन्मभर शिलाई मशीन चालवलेला माणूस. पँटचा एक पाय आज अन् दुसरा पुढच्या महिन्यात, असं त्यांनी गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नव्हतं.

शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीने नाक मुरडलं. "मी एकच करणार. दोन्ही पाय एकदम परक्याच्या हवाली करू नयेत, धाकट्या."

डॉक्टर म्हणाले, दोन्ही एकदम केले तर आधी हाल जास्त, पण एकदाच सुटका. एकच केला तर लवकर हिंडाल, पण दुसरा आहे तसाच राहणार. हे ऐकून दोघांनाही आपणच जिंकल्यासारखं वाटलं.

भांडण खरं होतं जिन्याचं. वरच्या खोलीत मास्तर राहत, खिडकीशी त्यांचं मशीन. खाली ताई आणि त्यांचा खणखणीत रेडिओ. दोघांमागे वर-खाली करून कंटाळलेल्या मास्तरांच्या सुनेने सांगितलं, "ऑपरेशननंतर आधी जिना चढेल त्याला वरची खोली. दुसऱ्याने खालची घ्यायची." वाऱ्यासाठी ताईंचा त्या खिडकीवर कधीपासून डोळा होता.

हॉस्पिटलात व्यायाम शिकवणारी बाई आधी ताईंकडे आली. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी." मग ती मास्तरांकडे वळली.

"ऐकलंय मी सगळं," मास्तर म्हणाले. "गुडघे बदललेत, कान नाही."

घरी आल्यावर काही दिवसांनी दोघं काठ्या घेऊन जिन्याशी उभे राहिले. ताईंनी चांगला पाय टाकला आणि चढायला लागल्या. मास्तरांनी खाली पाहिलं. डावा ऑपरेशनचा. उजवाही ऑपरेशनचा. मग चांगला कुठला?

"बाबा, चढा ना," सून म्हणाली.

"विचार करतोय."

तोवर ताई वर पोचून खिडकीत बसल्यासुद्धा. मास्तर तोंड पाडून रेडिओच्या खोलीत गेले.

संध्याकाळी ताई उतरायला निघाल्या, तर पाय उचलेना. ज्याला चांगला म्हणून सगळा भार दिला, तो तर जुनाच, झिजलेला गुडघा! चढतानाच त्याचा पार भुगा झाला होता. त्याचं ऑपरेशन होईपर्यंत ताई वरच अडकल्या. जिंकल्या खऱ्या, पण जेवणाचं ताट आणि औषधं सगळं वर न्यायची पाळी सुनेवरच आली.

मास्तर खाली मुकाट्याने व्यायाम करत. मशीनवाचून हात शिवशिवत, रात्री झोप लागत नसे.

एका दुपारी वरून मशीनचा आवाज आला. खडखड, मग खर्रकन अडकल्याचा.

"ताई, चाक उलटं फिरवू नकोस! दोरा तुटेल!"

"तुटलाच," ताई म्हणाल्या.

मास्तर तरातरा उठले. कठडा धरून वर गेले, ताईंना बाजूला सारलं, सुईतला गुंता सोडवला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. पाय कसे सरसर चालत होते.

ताई बघतच राहिल्या. "धाकट्या, चढताना कुठला पाय आधी टाकलास?"

मास्तर विचार करू लागले. त्या क्षणापासून त्यांना खाली उतरता येईना. सून आता दोन ताटं वर नेते.